कोपऱ्यातली हिरवी टिकली

होळी झाली की नागपुरात घराघरांतून एक ठरलेला आवाज येऊ लागतो, पत्रा खरडल्याचा. गच्चीवर, अंगणात, जिन्याखाली वर्षभर तोंड झाकून बसलेले कूलर बाहेर ओढले जातात. तळाचा गंज निघतो, काळ्या पडलेल्या ताट्या जाऊन वाळ्याच्या नव्या बसतात, आणि पंप सुरू केला की पहिलं पाणी घरातल्या एकाला तरी भिजवतंच. यंदा मी भिजले. त्या ओल्या वाळ्याचा वास नाकात गेला आणि दरवर्षी होतं तेच झालं. लोकांना या वासानं सरबत आठवत असेल, मला हार्ड डिस्क आठवते.

सांगायला जरा विचित्र आहे खरं. पण मी बारावीत होते त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कॉम्प्युटर आला, आणि तेव्हापासून वाळा, गणित आणि डिस्कची कुरकुर या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र जाऊन बसल्या त्या कायमच्या.

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. त्या कारखान्याच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून टाकायचे ठरले, तेव्हा बाबांनी एक घरी आणला. आई म्हणाली, "याचं काय लोणचं घालाचं हाये?" बाबांनी टेबल पुसलं, त्यावर तो डबा आणि टीव्हीएवढा पडदा ठेवला आणि कपाटातून आबांची वही काढली.

आबा म्हणजे माझे आजोबा. उमरेडला माग होता त्यांचा. साडीच्या काठाची नक्षी ते गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवून ठेवायचे. एक चौकट म्हणजे एक धागा. भरलेली चौकट एका रंगाची, कोरी दुसऱ्या. शाळकरी पोरांची असते तशीच वही, निळ्या पुठ्ठ्याची, आत मात्र पानभर करवतीचे दाते, रुद्राक्षाच्या ओळी, आणि आबांनी स्वतः बसवलेला एक काठ, ज्यात करवतीच्या दोन दात्यांमध्ये एक बारीक चांदणी होती. तो काठ दुसऱ्या कोणाकडे नव्हता. आबा गेले, बाबांनी माग कधीच सोडला होता, पण वही त्यांनी आणली. आता ती त्यांना कॉम्प्युटरात घालायची होती. चित्र काढायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये, एकेक ठिपका मोजत.

तर यंदा कूलर बसला त्याच आठवड्यात उमरेडहून आत्याचा फोन आला. बाबांची ही धाकटी बहीण, घराण्यातला शेवटचा माग तिच्याकडे आहे.

"शुभा, माह्या बोटाईनं आता होत नाही वं. पायही दुखून राहतेत. एक शेवटची साडी लावतो म्हनलं मागावर. आबाच्या चांदनीच्या काठाची. तुह्या बापानं कॉम्प्युटरात भरला होता न तो?"

"हो आत्या, आहे ना," मी म्हणाले.

"वही पाठवली तरी चालते."

"पाठवते काहीतरी," म्हणून मी फोन ठेवला, पण पाठवणार काय हा प्रश्नच होता. कारण वही नव्हती. वही मी रद्दीत दिली होती.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बारावी झाली, त्यापुढच्या प्रवेश परीक्षाही झाल्या, आणि जून लागता लागता मी अंगात आल्यासारखं टेबल साफ करायला घेतलं. दोन वर्षांच्या गणिताच्या वह्या, सगळ्या चौकटीच्या, सगळ्या निळ्या पुठ्ठ्याच्या. मी ढीग रचला. सकाळी रद्दीवाला येऊन गेला. चार-पाच दिवसांनी कॉम्प्युटरशेजारची जागा रिकामी दिसली तेव्हा कळलं, आबांची वहीही त्याच ढिगातून गेली. नागपुरात त्या दिवशी हजारो घरांतून चौकटीच्या वह्या रद्दीत गेल्या असतील, पण त्यात एका विणकराचं सगळं आयुष्य घालायची हुशारी मीच केली. बाबांनी वहीबद्दल विचारलं नाही. का विचारलं नाही हे मला कळलं नाही, आणि आपण होऊन सांगायची हिंमत झाली नाही. मी स्वतःला समजावलं, सगळे काठ कॉम्प्युटरात आहेत की.

मग ते आहेत का हे मी कधी बघितलंच नाही. नवा कॉम्प्युटर आला, लॅपटॉप आला, जुना डबा पडद्यासकट आईच्या फाटक्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेला. काढायचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "राहू दे, काय खायाले मागते?" मलाही तो राहायला हवाच होता. न उघडलेल्या डब्यात काठ नक्की होते. उघडल्यावर असतील की नाही, कोण सांगणार?

बारावीच्या त्या उन्हाळ्यात बाबांनी त्या डब्याचे जे लाड केले ते बघता मला धाकधूक वाटणं साहजिक होतं. डबा जोडून द्यायला गांधीबागेतून गुड्डूभाऊ आला होता. कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्याचं दुरुस्तीचं दुकान. जाताना तो बाबांना एवढंच म्हणाला, "काका, याले थंडा ठेवजा. गरमीत मरते हे." नागपूरच्या माणसाला थंड ठेवायचा एकच उपाय ठाऊक असतो. बाबांनी टेबल उचललं आणि बरोबर कूलरच्या तोंडासमोर लावलं. आम्ही तिघं बाजूला घाम पुसत बसायचो आणि कॉम्प्युटर वाळ्याची हवा खायचा. पाहुणे आले तरी त्याला कोणी हलवत नसे.

कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते, हे आम्हाला काही नवीन नव्हतं. त्या खोलीत पापड सादळायचे, काडेपेटी पेटायची नाही, माझ्या वहीची पानं लोळायची. पण कॉम्प्युटर म्हणजे पापड नव्हे, असं काहीतरी आमच्या डोक्यात असावं.

दुसरी अडचण आवाजाची. तो कूलर सुरू झाला की खोलीत विमान उतरल्यासारखं व्हायचं. एकमेकांशी बोलायचं तर ओरडून. त्यात कॉम्प्युटर आतल्या आत काम करतोय की गप्प पडलाय हे कळायला मार्ग नव्हता. डब्यावर त्यासाठी एक छोटा दिवा असतो, डिस्क फिरली की लुकलुकतो. आमच्या डब्याचा तो दिवा गुड्डूभाऊने तार उलटी जोडल्यामुळे कधी लागलाच नाही, हे पुष्कळ दिवसांनी उघडकीला आलं. बाबा पडद्यासमोर बसायचे. काठ जतन करायचा हुकूम द्यायचे. पडद्यावर थांबा सांगणारं वाळूचं घड्याळ यायचं आणि तसंच राहायचं. बाबा वाट बघायचे, आणखी वाट बघायचे, आणि मग कारखान्यात अडकलेली मशीन बंद करावी तसं सरळ बटण दाबायचे. एकदा असं बटण दाबलं तेव्हा डिस्क लिहीतच होती. आठ दिवस भरलेला चांदणीचा काठ गेला. पुन्हा उघडला तर पडद्यावर नुसत्या राखाडी रेघा.

बाबा रागावले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले आणि वहीचं तेच पान पुन्हा उघडलं. मला त्यांचा राग चालला असता, ते बघवलं नाही.

त्यावर इलाज मीच शोधला, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या हातून झालेलं बहुधा ते एकच शहाणपणाचं काम. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर तेव्हा सीडी यायची. तिच्यावर शेकड्यांनी छोटे छोटे फुकट प्रोग्रॅम असत. कुठल्या कुठल्या देशांत कोणी कोणी आपल्या अडचणीपुरते लिहिलेले आणि मग सगळ्यांसाठी सोडून दिलेले. मैत्रिणीकडून आणलेल्या एका सीडीवर मला तो सापडला. इतका लहान की एका फ्लॉपीवर तसले वीसेक सहज मावले असते. काम एकच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी एक ठिपका. डिस्क वाचत असली की हिरवा, लिहीत असली की लाल, स्वस्थ असली की राखाडी. बस. ना गाणं, ना चित्र, ना खेळ.

बाबांनी तो ठिपका बघितला आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं, मी त्यांना नवीन गाडी आणून दिली.

"हे तं टिकली लावली वं तू याले," ते म्हणाले.

तेव्हापासून ती टिकलीच. आईसुद्धा स्वयंपाकघरातून विचारायची, "टिकली लाल हाये का हिरवी? जेवाले या." लाल असेतो बाबा जागचे हलायचे नाहीत. राखाडी झाली की खुर्ची मागे सारून म्हणायचे, "झालं." नंतर बटण दाबून काठ घालवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. आहे तेवढंच सांगणारा, सांगून गप्प बसणारा असा प्रोग्रॅम मी पुन्हा बघितला नाही. आताचा माझा फोन दिवसभर काहीबाही सांगत असतो, पण आत नेमकं काय करतोय ते विचारलं तर पत्ता लागू देत नाही.

त्या प्रोग्रॅमबरोबर दोन ओळींची चिठ्ठी होती. हा फुकट आहे, आवडला तर तुमच्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा, असं लिहून खाली परदेशातला पत्ता. मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पोस्टातून कार्ड आणलं, वर लागतील तेवढी तिकिटं चिकटवली, आणि मागच्या बाजूला लाल पेनाने, पट्टी धरून, चांदणीच्या काठाची एक बोटभर पट्टी काढली. खाली माझ्याकडून इंग्रजीत धन्यवाद लिहून घेतले. ते कार्ड पोचलं की नाही, देव जाणे. पोचलं असेल तर त्या माणसाने हे काय म्हणून किती वेळा उलटसुलट करून पाहिलं असेल.

मे महिन्यात कॉम्प्युटर सुरूच होईना. गुड्डूभाऊ आला, झाकण काढलं आणि आत बघून त्याने कपाळाला हात लावला. सर्किटच्या सगळ्या पट्ट्यांवर पांढरं पांढरं. आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार हवेबरोबर आत जाऊन बसला होता, भांड्याच्या बुडाशी बसतो तसा.

"काका, याले आंघोळ घालून राहिले काय तुमी?"

"तूच तं म्हनला थंडा ठेवा!"

"अरे थंडा ठेवा म्हनलो जी, ओला नाही!"

त्याने स्पिरिट आणि रंगाचा ब्रश घेऊन एकेक पट्टी पुसली. दुपारभर बाबा त्याच्या शेजारी उकिडवे बसून होते. डबा पुन्हा सुरू झाला, कोपऱ्यात टिकली हिरवी झाली, आणि आईने दोघांना पन्हं दिलं. टेबल मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. महिनाअखेर वहीतले सगळे काठ भरून झाले. त्यानंतर जून आला, आणि मी काय केलं ते सांगितलंच आहे.

टिकलीची खरी गोष्ट मात्र मला कळली ती अगदी अलीकडे. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. दोनेक वर्षांपूर्वी बाबांना तिथेच कानाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. तपासणी करून त्या म्हणाल्या, हे म्हातारपणाचं नाही, फार जुनं आहे, प्रेसवर काम करणाऱ्यांचं असंच होतं. बारीक, टोकदार आवाज आधी जातात, पंचवीसएक वर्षं झाली असतील. मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीवरचं चित्र बघत होते.

घरी येताना मला एकेक आठवत गेलं. उन्हाळा संपून कूलर जिन्याखाली गेला तरी बाबांनी टिकली काढू दिली नव्हती. डिसेंबरात, सगळ्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत, मी काही काम करत बसले आणि डिस्क चांगली कुरकुरत असली तरी ते त्या ठिपक्याकडेच बघत बसायचे. मी म्हणायचे, बाबा, आवाज तर येतोय. ते म्हणायचे, "येते न. पन पाह्यलं का बरं असते." कूलरचं निमित्त होतं. त्या कुरकुरीचं एक अक्षर त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं. वाळूच्या घड्याळासमोर बसून बटण दाबणारा माणूस अधीर नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि ते त्याला आपल्या लेकीला सांगायचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मग त्या कोण कुठल्या परक्या माणसाचे मी मनातल्या मनात पाय धरले. त्याने आपल्या सोयीसाठी एक ठिपका केला, आणि माझ्या बापाची लाज राखली.

आत्याच्या फोनला दोन महिने होऊन गेले. मी रोज उद्यावर ढकलत होते. मेमध्ये तिचा पुन्हा फोन आला, ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे तयार आहेत म्हणून. मग टाळता येईना. गुड्डूभाऊला विचारलं. तो आता दुकानांतून कॅमेरे बसवतो, पण ओळख विसरला नव्हता.

"ताई, दोन दिवस सुकवा त्याले. आन चालू कराल तवा कूलर बंद ठेवजा, काकाले पयलेच सांगा! एकदा चालू झाला तं पयले नक्कल करून घ्या. दुसऱ्यांदा उठन याचा भरोसा नाही."

आत्याच्या साडीसाठी म्हटल्यावर बाबांनी या वेळी 'राहू दे' म्हटलं नाही, आणि डबा गच्चीवर गेला. आईने कुरडया घातल्या होत्या, त्यांच्याच शेजारी, सावली धरून. दोन दिवस आई काठी घेऊन चिमण्यांपासून कुरडया राखत होती आणि बाबा तिच्यापासून डबा.

रविवारी दुपारी आम्ही खोलीचं दार लावलं, पडदे ओढले आणि कूलर बंद केला. मेमधल्या नागपुरात दुपारी दोन वाजता कूलर बंद करणारं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. मिनिटाभरात भिंती तापल्यासारख्या वाटू लागल्या. आणि इतकी शांतता झाली की मला माझ्याच छातीतलं ऐकू येऊ लागलं. मी बटण दाबलं.

आधी डब्यातल्या पंख्याची घरघर. मग काहीच नाही. मग, आतून कुठूनतरी, तीच कुरकुर. दाण्याच्या पोत्यात उंदीर शिरल्यासारखी. मी श्वास धरून ऐकत होते. बाबा ऐकत नव्हते. कानातलं यंत्र त्यांनी घामामुळे काढून ठेवलं होतं. ते खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत बसले होते, तिथे अजून अंधारच होता.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"येईल."

पडदा उजळला. एकेक चित्र उमटत गेलं. सगळ्यात शेवटी, घड्याळाशेजारी, तो ठिपका आला. राखाडी. आणि मग हिरवा.

"आली!" बाबा म्हणाले.

मी फोल्डर उघडला. 'काठ' नावाचा. आत फायली होत्या. चांदणीवर क्लिक केलं. काही होईना. डिस्क एकदा कुरकुरली, थांबली. टिकली राखाडी. मग टिकली पुन्हा हिरवी झाली, आणि वरून खाली, ओळी ओळीनं, करवतीचा पहिला दाता आला, दुसरा आला, आणि त्या दोघांच्या मध्ये ती बारीक चांदणी. एक ठिपका हललेला नाही. मला रडूच आलं. मी आधी फोनवर फोटो काढला, मग पेन ड्राइव्ह लावून सगळा फोल्डर उचलला. जुनं भोक, जुनी चाल. सावकाश, फार सावकाश, पडद्यावरची नकलेची पट्टी पुढे सरकू लागली. टिकली लुकलुकत होती.

तेवढ्या वेळात मला सांगून टाकावंसं वाटलं. आता सांगायला भीती कशाची होती? मी बाबांच्या उजव्या कानाशी वाकले, तो जरा बरा आहे.

"बाबा, आबांची वही मी रद्दीत दिली होती. बारावीच्या वह्यांबरोबर. चुकून."

बाबांनी टिकलीवरची नजर काढली नाही.

"काय बोलून राहिली वं? वही तं मी देल्ली."

"तुम्ही?"

"तू गठ्ठा ठेवला व्हता न बाहेर. सुतळी मीच बांधली त्याले. चष्मा नव्हता. पाह्यलंच नाही, वरतून निळे पुठ्ठे दिसले, बांधला, आन माह्या हातानं रद्दीवाल्याच्या गाडीवर ठेवला. चार दिवसांनं ध्यानात आलं. तुले काय तोंडानं सांगू? म्हनून तं हा डबा फेकू नाही देल्ला कोनाले. आन आतले काठ उघडून पाहाची हिंमतही नाही झाली."

इतकी वर्षं एकाच घरात, एकाच माळ्याखाली, आम्ही दोघं एकच चोरी आपापल्या उशीखाली घेऊन झोपलो होतो. मला हसू फुटलं. मग बाबांनाही. दोघं घामाने निथळत, डोळे पुसत हसत होतो, आणि बाहेरून आई विचारत होती, "काय झालं? जयला का डबा? धूर निघाला काय?"

पट्टी भरली. कुरकुर थांबली, ते मला ऐकू आलं. बाबांनी कोपऱ्यात बघितलं. टिकली राखाडी झाली होती.

"झालं," ते म्हणाले. खुर्ची मागे सारली आणि शर्टाच्या बाहीने मान पुसली. "लाव आता कूलर."